दुसऱ्याचे हातमोजे

योलानाबाईंच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी प्रश्न यायचा, "कुठं चाललाय?" नमस्कार त्यानंतर. हातमोजे त्याच्याही नंतर.

कुणी नुसतं "डोंगरात" म्हणालं की बाई परत शिवणाकडे वळायच्या. "डोंगरात सगळेच चाललेत. वाटेत पाणी आहे, दगड आहे का वारा आहे, ते सांगा."

त्यांच्या कपाटाला तीनच खण होते आणि त्यांना हीच तीन नावं होती. पाण्याचा खण गोठलेल्या धबधब्यांवर चढणाऱ्यांसाठी. तिथं हात सतत डोक्याच्या वर, कुदळीच्या दांड्याला लटकलेले, आणि बर्फातून ठिबकणारं पाणी मनगटातून थेट कोपरापर्यंत उतरतं. त्याला पातळ, पाणी न पिणारे, पंजाला घट्ट बसणारे मोजे. तेही एक जोडी नाही. दुसरी जोडी सदऱ्याच्या आत, छातीशी ऊब घेत बसलेली. दगडाच्या खणात तळव्याला मऊ चामडं लावलेले मोजे, कारण खडकावर गाठी मारायच्या असतात, फटीत लोखंड ठोकायचं असतं, आणि बोटांना काही कळत नसेल तर तो हात असून नसल्यासारखा. तिसरा खण वाऱ्याचा. त्यात थैलीमोजे: अंगठा वेगळा, बाकीची चार बोटं एका खोलीत. आत उकळून घट्ट केलेली लोकर, वरून मेणकापडाचं कवच. उंच धारेवर बोटांनी एकमेकांना धरून बसावं म्हणून.

मोजे हातात घालून गिऱ्हाइकाला दाराच्या वरच्या तुळईला लोंबकळावं लागायचं. मग डोळे मिटून दोराची गाठ मारायची. शेगडीजवळच्या खुर्चीत बसलेला लोयझो तेवढ्यात काहीतरी बोलायचाच.

"गाठ छान आहे. याला आता दुकानदारीण सोडवू शकते, पण हा स्वतः नाही."

लोयझो म्हणजे योलानाबाईंचा धाकटा भाऊ. रम घातलेला चहा डाव्या हातानं प्यायचा. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी. मधली तीन बोटं डोंगरानं नेली होती.

मी त्या दुकानात रोज सकाळी जाऊन बसायचो. खाली कोशित्से शहरात रंगभूमीवर मी ऑपेरेटा गायचो, हलकीफुलकी, प्रेमाची, शेवटी लग्न होणारी. छाती बिघडली म्हणून वर स्मोकोवेत्सच्या आरोग्यधामात आलो. छाती सुधारली, गळा गेला, मी राहिलो. योलानाबाई मला 'नटवर्य' म्हणायच्या. त्यात थोडा टोमणा असायचा, पण माझा चहा सांगितल्याशिवाय यायचा.

आता आमच्या उतारावरच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच फिरतं. एका दोराला बांधलेली दोन माणसं हिवाळ्यात निघाली की आपले जादा हातमोजे स्वतःच्या पिशवीत ठेवत नाहीत. तुमचे जादा मोजे जोडीदाराच्या पाठीवर, त्याचे तुमच्या पाठीवर. कारण चढणारा माणूस हट्टी असतो. बोटं पांढरी पडली तरी "काही नाही, चालतंय" म्हणतो आणि स्वतःची पिशवी उघडत नाही. जोडीदाराला मात्र ती बोटं दिसतात, आणि तो दटावून मोजे बदलायला लावतो. शिवाय कुणी कुणाला सोडून जाऊ शकत नाही. योलानाबाई मोज्यांच्या मनगटाला प्रत्येकाच्या ठरलेल्या रंगाची लोकरीची पट्टी शिवायच्या, म्हणजे कुणाचे कुठले ते गावातल्या कुणालाही लांबून कळायचं.

या रीतीचा दुसरा भाग कुणी मोठ्यानं बोलत नसे. दुसऱ्याचे मोजे आपल्या हातात चढवायचे ते एकाच वेळी. जोडीदार वर राहिला, परत येणार नाही, तर. ते घालून खाली गावात यायचं. मग घरच्यांना तोंडानं काही सांगावं लागत नाही. पट्टीचा रंग बघून बायका दार उघडून उभ्या राहतात.

लोयझोचा दोर योलानाबाईंच्या नवऱ्याबरोबर असायचा. त्याचं नाव वेन्देलिन, पट्टी पिवळी. तरुणपणी एका फेब्रुवारीत दोघं लांब धारेवर गेले. दोघांच्या पिशव्या बाईंनीच भरल्या होत्या. खिंडीत वेन्देलिनचा गुडघा निखळला. लोयझोनं त्याला घळीतून दोरानं खाली सोडला. खालून गावाकडे सोपी उतरण होती. पण लोयझोला वरून सोडणारं कुणी नव्हतं. तो एकटा धार चालून पलीकडच्या दरीतल्या निवाऱ्याकडे निघाला. दोर सोडताना मोजे अदलाबदल करायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. वेन्देलिनला खाली सोडता सोडता लोयझोच्या उजव्या मोज्याचा तळवा दोरानं फाडून काढला होता. निवाऱ्यात पोचला तेव्हा तो हात टेबलावर आपटला की लाकडासारखा वाजत होता.

आणि त्याच्या पाठीवर वेन्देलिनची कोरडी जोडी होती. मग ती का नाही घातली? असं रुग्णालयात सगळ्यांनी विचारलं. लोयझो म्हणाला, "लहान पडली."

वेन्देलिनचे हात खरंच लहान होते. सगळ्यांना पटलं. वेन्देलिन पुन्हा चढला नाही. वर्षानुवर्षं आपल्या लहान हातांना शिव्या देत राहिला, आणि एका साध्या आजारपणात गेला. योलानाबाईंनी त्या अपघातापासून एक नियम केला. जोडी आली की दोघांचेही पंजे मापायचे आणि जादा मोजे दोघांतल्या मोठ्या हाताच्या मापाचे द्यायचे. कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "सैल मोज्यानं कुणाचं बोट गेलेलं नाही." लोयझो तेव्हा चहात बघायचा.

मी सांगतोय तो हिवाळा आमच्या देशाचे नुकतेच दोन देश झाल्यानंतरचा. क्वेता, बाईंची मुलगी, आरोग्यधामात रोग्यांना मालिश करायची आणि व्यायाम शिकवायची. माझी पाठसुद्धा तिनंच सरळ केली. त्या हातांवर तिचं पोट होतं. तिचा रादो सुतारकाम करायचा आणि वसंतात नॉर्वेला कामावर जाणार होता. ती जाणार की नाही हे सगळ्या गावानं तिला विचारून झालं होतं. रादोला तेवढं अजून विचारता आलं नव्हतं.

दुपारी दोघं दुकानात आली.

"जावईबापू आले," लोयझो म्हणाला. "शेगडीजवळ जागा करा."

"अजून जावई नाही, मामा," क्वेता म्हणाली.

"होईलसं दिसतही नाही," रादो हसत म्हणाला. खोटं हसू मला लगेच कळतं. मी आयुष्यभर तेच विकलं.

"कुठं चाललाय?" योलानाबाईंनी स्वतःच्या मुलीलाही विचारलं.

"उद्या पहाटे. गोठलेल्या ओढ्यातून खिंड, मग लांब धार, पलीकडच्या निवाऱ्यात मुक्काम."

सुई क्षणभर थांबली. तीच धार होती. पण बाई उठल्या आणि खण उघडले. "खाली पाणी, वर वारा. ओढ्यात पातळ घाला, आणि खिंडीत पोचलात की लगेच काढा, ओले मोजे धारेवर न्यायचे नाहीत. थैलीमोजे चढवताना नाडी आधी मनगटात अडकवायची. आधी नाडी, मग मोजा. रादो, ऐकतोयस का?"

"ऐकतोय काकू. मागच्या वर्षीही ऐकलं होतं."

"मागच्या वर्षी नाडी न अडकवता आलास परत."

बाईंनी जादा जोड्या काढल्या. दोन्ही रादोच्या फावड्यासारख्या पंजाच्या मापाच्या. क्वेताची हिरवी पट्टी, रादोची तांबडी. हिरवी त्या रादोच्या पिशवीत घालणार तोच क्वेता म्हणाली, "आई, या वेळी माझे माझ्याच पिशवीत टाक."

"का?"

"सहज."

"सहज कुणी असं मागत नाही."

"मागू दे की काकू," रादो म्हणाला. "मी ते मोजे पण नॉर्वेला घेऊन जाईन अशी भीती असेल."

क्वेतानं त्याच्याकडे पाहिलं नाही. योलानाबाईंचा आवाज एकदम थंड झाला. "दोर एक असेल तर मोजे बदलून. ते नको असेल तर दोन दोर घ्या आणि दोन वाटांनी जा. माझ्या दुकानातून दोर एक आणि मोजे आपापले, असं कुणी गेलेलं नाही."

"मामाची बोटं गेली तरी?"

क्वेता लोयझोकडे वळली. "मामा, तू सांग ना तिला."

लोयझोनं पेल्यातलं लिंबू दाबलं. "मी काय सांगू? तुझ्या आईनं तेव्हापासून मोजे मोठे केलेत. आता कुणाचेही कुणालाही बसतात." त्यानं हे पेल्याला सांगितलं, मुलीला नाही. विंगेत उभं राहून मी पुष्कळांना वाक्यं गिळताना पाहिलंय. हे तसंच होतं. मी गप्प बसलो, दुसऱ्याच्या घरचा प्रवेश होता.

हिरवी पट्टी रादोच्या पिशवीत गेली, तांबडी क्वेताच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळ लख्ख उजाडली. दुपारच्या सुमाराला शिखरांवरून बर्फाचे पदर उडायला लागले आणि मग शिखरंच दिसेनाशी झाली. खाली आमच्या रस्त्यावर देवदार वाकत होते, म्हणजे वर काय असेल. योलानाबाईंनी दुकानाला आतून कडी घातली. भर दिवसा ते दुकान बंद झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या एक शिवण घालायच्या, उसवायच्या, परत घालायच्या. मी कोबीचं सूप गरम केलं. कुणी खाल्लं नाही.

लोयझो आला तो दार वाजवून. दाढी केलेली नाही, डोक्यावर टोपी नाही. सदऱ्यातून त्यानं कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि शिवणाच्या टेबलावर ठेवलं.

"योले, हे बघ."

आत हातमोजे होते. जुन्या पद्धतीचे, दुहेरी लोकरीचे, एकदाही न वापरलेले. मनगटाला पिवळी पट्टी. बाईंनी त्यांना हात लावला नाही.

लोयझो उभ्याउभ्याच डाव्या हातात त्यातला एक चढवू लागला. मोजा सरळ गेला, शेवटपर्यंत. त्यानं मूठ मिटून उघडली. "कुठं लहान आहे?"

बाई त्या मुठीकडे बघत राहिल्या.

"मी घालूनच पाहिले नाहीत," लोयझो म्हणाला. "पिशवी उघडली होती. हातात धरले होते. पण वेन्देलिन घळीत पोचला का पडला ते मला ठाऊक नव्हतं. वारा असा होता की हाकेला हाक नाही. मनात आलं, हे घातले की तो मेला. मी कबूल केल्यासारखं. आणि ते घालून तुझ्या दारात यायचं? मी ते परत पिशवीत ठेवले आणि चालत राहिलो."

"तू 'लहान पडले' म्हणालास."

"मग काय म्हणणार होतो? माझ्यासाठी यानं बोटं घालवली, हे त्याला रोज माझ्या हाताकडे बघून आठवलं असतं."

"तो मरेपर्यंत आपल्या हातांना शिव्या देत होता, लोयझो. मी ऐकलंय ते. मी इतकी वर्षं लोकांना मोठे मोजे विकले. मापातच चूक होती असं समजून."

"माहीत आहे."

"आणि आज का सांगतोयस?"

लोयझो खाली बसला. "पोरगी वर आहे. तिच्या पाठीवर तांबडे मोजे आहेत. काल तिनं मला विचारलं आणि मी लिंबू दाबत बसलो. ती माझीच भाची आहे, योले. तीही घालणार नाही."

बाईंनी त्याला काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्या उठल्या, खिडकीशी गेल्या आणि काचेवरची वाफ पुसत राहिल्या. पुसली की ती परत धरायची. माझ्या तोंडून निघालं, "वारा उतरतोय बहुतेक."

"नटवर्य, आज नाटक नको," बाई म्हणाल्या. बरोबरच होतं. वारा उतरत नव्हता.

अंधारायला लागलं तेव्हा रस्त्यावर कुत्री भुंकली. मग खिडकीतून दिसलं की समोरच्या बेकरीवाल्यानं टोपी काढली आहे आणि तो दुकानाच्या फळीला पाठ लावून उभा आहे. त्याच्या पुढच्या दारात एक म्हातारी बाहेर आली आणि तिनं छातीवर क्रूस काढला. लोयझोला ते माझ्या आधी समजलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

कडी मी काढली. क्वेता आत आली. भुवयांवर बर्फ, ओठ फुटलेले, आणि हातात तांबड्या पट्टीचे मोजे.

योलानाबाईंनी पुढे होऊन मुलीची मनगटं धरली, पट्टीवरच.

"रादो?" त्यांनी विचारलं.

"जिवंत आहे," क्वेता म्हणाली. "आई, जिवंत आहे. असेल. गावभर सगळे टोप्या काढतायत, मला कुणी बोलू पण देत नाही." मग तिला रडू आलं आणि रडत रडतच तिनं सांगितलं. खिंडीत वारा सुरू झाला. ती म्हणाली, उतरू. तो म्हणाला, ही माझी शेवटची धार आहे, मी जाणार. नॉर्वेपासून सगळं निघालं. तिनं रागारागात दोर सोडला आणि आल्या वाटेनं ओढ्यातून परत फिरली. थैलीमोजे चढवताना नाडी अडकवली नव्हती. एक मोजा वाऱ्यानं उचलला आणि गेला.

"पातळ ओले होते, त्यांचा पत्रा झाला होता. बोटं कळेनात. मग मी पिशवी उघडली. त्याचे होते. मी खूप वेळ बसले ते मांडीवर घेऊन, आई. मग मला मामाचा हात आठवला. मी म्हटलं, तो मेला नाहीये. त्याच्यावर चिडले आहे मी, मेलेल्यावर कोण चिडतं. आणि घातले."

लोयझोनं तोंड हातांत झाकलं. डाव्या हातात अजून पिवळ्या पट्टीचा मोजा होता.

बाईंनी तांबडे मोजे ओढून काढले. एकेक बोट दिव्याखाली दाबून पाहिलं. लाल, सुजलेली, पण सगळी दुखत होती, आणि दुखणं म्हणजे जीव आहे. क्वेता दात आवळून कण्हत होती. बाई तेवढंच म्हणत होत्या, "दुखू दे. दुखू दे बाळा."

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या निवाऱ्यातून होता. क्वेतानं कोपरानं फोन ओढला, मी तो तिच्या कानाशी धरला. खोली एवढीशी, रादोचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता.

"पोचलीस?"

"पोचले. तू?"

"आत्ताच. ठीक आहे."

"हात?"

"डावा जरा... निवाऱ्यातला माणूस बघतोय. पातळ मोज्यांचं बर्फ झालं होतं, थैलीमोज्यांतला एक घळीत पडला."

"माझे घातलेस ना?"

वाऱ्याचा आवाज फोनमधूनही येत होता.

"काढले होते," रादो म्हणाला. "लहान पडले."

योलानाबाईंनी मान वर केली. ती हिरवी जोडी त्यांनी रादोच्याच पंजावर मापून दिली होती, आमच्यासमोर. क्वेतानं टेबलावरच्या तांबड्या मोज्यांकडे पाहिलं, ज्यांच्यात तिचा हात पोहत होता, आणि तिचं रडणं थांबलं. ती एकदम खूप म्हातारी दिसली.

लोयझोनं माझ्या हातून फोन घेतला. "रादो, मी लोयझो. ते वाक्य माझं आहे, पोरा. तू दुसरं शोध." त्यानं फोन उजव्या हातात, अंगठा आणि करंगळीत धरला. "ऐक. ती इथं उभी आहे, तुझे मोजे घालून आली. त्यानं तू काही मेला नाहीस, मेलास का? आता हात कोमट पाण्यात घाल. शेगडीजवळ नेऊ नकोस, चोळू नकोस. आणि खरं काय ते तिला तू सांग, मी नाही सांगणार."

त्यानं फोन परत दिला. रादो काय म्हणाला ते आम्ही ऐकलं नाही. बाईंनी आम्हा दोघांना मागच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

रादोच्या दोन बोटांची टोकं गेली. सुतारकाम जमत राहिलं. वसंतात तो नॉर्वेला गेला, क्वेता गेली नाही. त्यांच्यात पुढे काय झालं ते त्यांचं. मला इतकंच माहीत आहे की तांबडे मोजे तिच्याकडे राहिले, हिरवे त्याच्याकडे, आणि कुणी परत मागितले नाहीत.

योलानाबाई लोयझोशी बरेच दिवस बोलल्या नाहीत. तो रोज यायचा, चहा मिळायचा, बोलणं मिळायचं नाही. हे सोपं नव्हतं. तो वेन्देलिनला वाचवायला खोटं बोलला होता, आणि त्याच खोट्यानं वेन्देलिन रोज थोडा थोडा झिजला होता. हे दोन्ही खरं होतं, आणि बाईंना दोन्ही एकाच हातात धरता येत नव्हतं.

पण दुकानात एक बदल झाला. जोडी आली की बाई मापं घ्यायच्या, खण उघडायच्या, पट्ट्या शिवायच्या, आणि मग म्हणायच्या, "आता याचे तू घाल आणि तुझे त्याला दे. आणि चर्चपर्यंत चालत जाऊन या." तरुण मुलं कानकोंडी व्हायची. दारातल्या म्हाताऱ्या पहिल्या पहिल्यांदा क्रूस काढायच्या, एकीनं तर बाईंना तोंडावर अभद्र म्हटलं. बाई म्हणायच्या, "रस्त्यावर जमत नसेल तर वरही जमणार नाही. चला, निघा." कुणी नकार दिला तर मोजे मिळत नसत.

पुढच्या थंडीत एका सकाळी बाईंनी कात्री घेऊन पिवळ्या पट्टीचा उजवा मोजा टेबलावर पसरला. तीन बोटं कापून काढली, कडा दुमडून शिवल्या, आत मऊ लोकर लावली. लोयझो खुर्चीतून बघत होता. झाल्यावर बाईंनी दोन्ही मोजे त्याच्या मांडीवर टाकले. "चर्चपर्यंत," त्या म्हणाल्या. कित्येक महिन्यांत त्याच्याशी बोललेला तो पहिला शब्द.

तो गेला. मी दारातून बघत होतो. बेकरीसमोर बेकरीवाल्यानं पिवळी पट्टी पाहिली, टोपीला हात लावला आणि विचारलं, "कोण गेलं, लोयझो?"

"कुणी नाही," लोयझो म्हणाला. "हात गार पडलेत."